आबांची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये जंतूंच्या प्लेटला नाक लावलं म्हणून आज बोलणी खाल्ली. तीही सगळ्यांसमोर!

दिग्विजयचं ऐकलं, हीच चूक. म्हणाला, जुनी माणसं वासावरून जंतू ओळखतात, एकाचा तर द्राक्षासारखा वास येतो. मला काय, उचललं झाकण आणि हुंगलं. मागं संजीवनी मॅडम उभ्या! "राजेश्वरी, मंडईत आलीयेस का? वास घेऊन कोथिंबीर निवडायला?" दिग्विजय लगेच मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसला. चोर! तो पण माझ्यासारखाच शिकाऊ, पण ओरडा खायच्या वेळी बरोबर गायब असतो.

मॅडम इथल्या मायक्रोबायोलॉजीच्या इन्चार्ज. ओरडल्या ते परवडलं, पण नंतर हळू आवाजात जे बोलल्या ते जास्त लागलं. "इथं प्लेटवर जे वाढतं ते तुझ्या आत शिरायला टपलेलंच असतं. परत असं दिसलं तर या पोरीला बेंचवर बसवू नका, असं मी कॉलेजला कळवीन."

पुण्याला हॉस्टेलवर राहून बीएमएलटी, लॅब टेक्निशियनची पदवी, केली. शेवटची सहा महिन्यांची इंटर्नशिप बारामतीत मिळाली, रोज घरून जाता येईल, म्हणून आईनं आमच्या अख्ख्या कळस गावात पेढे वाटले. आणि इथं मी कोथिंबीर!

सकाळ तेवढी छान गेली होती. रोहिणीवहिनीनं डब्याबरोबर दुधाची बाटली दिली. हल्ली रोज देते. साखर घालून, वेलदोडा तर मूठभर. "अभ्यास करताय ताई, अंगात कायतरी जायला पायजे." तिचं माहेर काटेवाडी. म्हणते, माझ्या माहेराला रिकामी बाटली दाखवूनच पुढं जायचं. मी पण एसटी काटेवाडीला पोचायच्या आत संपवते. मायाळू आहे बया.

५ फेब्रुवारी, बुधवार

आबांना परत ताप.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संक्रांतीपासून ही तिसरी खेप. दिवेलागणीला हुडहुडी भरते, दोन गोधड्या कमी पडतात, आणि सकाळी बंडी पिळून काढावी इतका घाम. चार दिवस बरे, की परत तेच. वर कंबर धरलीय. गोठ्यात उकिडवं बसून धार काढवत नाही, हल्ली दादा काढतो.

गावातला डॉक्टर म्हणतो टायफॉइड. त्या एका टेस्टच्या चिठ्ठीवर सलाईन लावतो, सुया टोचतो. मी म्हटलं, आबा, ती टेस्ट आपल्या भागात अर्ध्या गावाची पॉझिटिव्ह येते, त्यावर काही खरं नसतं. रक्त वाढवून बघायला लागतं.

"तू डाक्टर हायस का?"

"न्हाई."

"मग जेव."

झालं! तीन वर्षं शिकले ती बापाकडून हे ऐकायला.

सकाळी मात्र आमच्या घरात एकच पेशंट — वहिनी. चौथा महिना लागलाय. हरणीची धार निघाली, की आई फेसासकट पेलाभर तशीच तिच्या हातात देते. धारोष्ण! तापवलं की दुधाचा जोर जातो म्हणे. कच्चं पिऊ नये हे मी वाचलंय, पण आईशी कोण भांडणार? गेल्या वर्षी वहिनीचं पाचव्या महिन्यात गेलं. ती आणि दादा मोटारसायकलवरून नरसिंहपूरला दर्शनाला जाऊन आले, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. तीच स्वतःला बोलत बसली. तेव्हापासून आई तिला तळहातावरच्या फोडासारखी जपते. चुलीपुढं बसू देत नाही, वाईट बातमी ऐकू देत नाही, टीव्हीवरचा अपघातसुद्धा बंद करते. त्यात पेल्याचं काय घेऊन बसायचं.

मला तर लहानपणापासून त्या कच्च्या फेसाच्या वासानंच कसंतरी होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, बारामतीला चला, आमच्या लॅबमध्ये रक्त देऊ. आबा म्हणाले, ऊसतोड आलीय, मला मरायला टाइम न्हाय. मी म्हटलं, तापात फडात उभं राहिलात तर तेवढाच टाइम उरेल! हे बोलायला नको होतं. आई रडायला लागली. दादा — अविराजदादा — ताटावरून उठून गेला.

शेवटी वहिनीनं जिंकलं. भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली, "मामा, ताईंच्या हाताला सुईची सवय नको का हुयाला? परक्याची शीर चुकली तर लोक बोलतील. घरच्याची चुकली तर कोण बोलतंय?"

आबा हसले. महिन्यात पहिल्यांदा. "व्हय गं, लेकीच्या शिक्षणासाठी देतो वाटीभर."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्याच सुईत शीर! हात एवढासुद्धा हलला नाही.

आबा सगळीकडं बघत होते. "हितं तर डेअरीवानीच हाय की. बाटल्याच बाटल्या." बाटली म्हणजे कल्चरची. आत जंतूंना आवडणारं पाणी असतं, त्यात रक्त सोडायचं आणि उबेला ठेवायचं. रक्तात जंतू असले तर वाढतात, पाणी गढुळतं. नसले तर स्वच्छ राहतं. इतकं साधं, आणि इतकं वाट बघायला लावणारं.

लेबल चिकटवताना मॅडम शेजारी आल्या. "नाव विसर. आता हा नुसता नंबर आहे. जमेल?" मी हो म्हटलं. खोटं. दिग्विजयनं तर बारसंच केलं — आबांची बाटली! "आमच्या बापानं बाटली आणली की आई भांडते, तुझ्या बापाची तूच आणलीस."

हसले. पण जाता जाता इन्क्युबेटरचं दार दोनदा उघडून बघितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वच्छ. दिग्विजयनं बाटली धरली, मी थेंब घेऊन प्लेटवर ओढला. हुंगलं नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

प्लेट कशी असेल, बघायला आज कुणी नाही. इकडं आबा ठणठणीत. सकाळी मळ्यात जाऊन टोमॅटोचे दोन क्रेट स्वतः उचलून आणले. "तुझ्या बाटलीनं ताप पिऊन टाकला बघ!" वहिनी खोखो हसली. मीही हसले. मनातून मात्र चरफडत होते. शहाणपणा करून आबांना उगीच दगदग दिली, असं सगळे म्हणणार.

माझीच कंबर धरलीय. एसटीची मागची सीट, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आबांचा ताप परत. अंथरुणातून उठता येईना. प्लेट कोरी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस सरळ लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दिग्विजय ट्रॉली घेऊन आला. पाच दिवस झालेल्या बाटल्या शेवटचा थेंब ओढून वाफेनं जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हला जातात आणि 'वाढ नाही' असा रिपोर्ट निघतो. आबांची बाटली ट्रॉलीत. काचेसारखी स्वच्छ. मी थेंब ओढला. आणि मग ती उचलून परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

मॅडमनी बघितलं. "कारण?"

"मॅडम, माझे वडील—"

"हे कारण नाही. उद्या प्रत्येक जण आपल्या वडिलांची बाटली ठेवून घेईल. कारण सांग."

माझ्याकडं नव्हतं. मॅडमनीच खुर्ची ओढली, बसल्या. "ताप येतो-जातो, घाम, कंबर. बरोबर? घरी जनावरं आहेत? एखादी गाय व्यायलीय का एवढ्यात?"

"हरणी व्याली मॅडम, डिसेंबरात. वासरू जगलं नाही."

"जन्मून मेलं, की मेलेलंच झालं? महिने भरले होते?"

मी तेव्हा पुण्यात परीक्षेला होते. फोनवर आई एवढंच म्हणाली होती, वासरू गेलं. मी पुढं विचारलंच नाही.

"गोठ्यातल्या पोरीला हे माहीत नसेल तर मी काय करू? उद्या पूर्ण माहिती आण. तोवर बाटली राहील."

घरी आले. सगळे चुलीपाशी. पायातली चप्पलही काढली नाही, विचारलं — हरणी महिने भरून व्याली होती का?

आईनं एकदा वहिनीकडं बघितलं आणि माझा दंड धरून मला गोठ्यामागं नेलं.

"अकला हायत का तुला? तिच्या देखत इचारतीस?"

सातव्या महिन्यात गाभडली होती हरणी, वासरू मेलेलंच पडलं! वार पोटातच अडकली होती. जनावरांचा डॉक्टर उद्या येतो म्हणाला, म्हणून आबांनी कोपरापर्यंत हात घालून काढली. उघड्या हातानं. बोटाला कोयता लागलेला तसाच. रात्रीतच मळ्यात खड्डा करून पुरून टाकलं, आणि आईनं सगळ्यांना शपथ घातली. घरात पोटुशी बाई असताना गाभडल्याचं नाव काढायचं नसतं. तिच्या कानावर गेलं तर तिच्या पोटातलं टिकत नाही. मला सांगितलं तर मी वहिनीपाशी बोलीन, म्हणून मलाही नाही. डेअरीवरच्या डॉक्टरलाही नाही!

"तिच्यासाठीच केलं गं," आई म्हणाली.

हरणीचा रोग आबांना लागला, हेच मॅडम शोधतायत, आणि मग मला पेला आठवला. कारण त्याच हरणीचं दूध — कच्चं, फेसासकट, महिनाभर —

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. पहाटेपासून गावात ढोल. मी जागीच होते.

आईनं पेला भरला. वहिनीच्या हातात दिला. मी तो हिसकावला आणि मोरीत ओतला. सगळ्यांसमोर!

"दूध वतलंस?" आईचा आवाज फाटला. "लक्ष्मी हाय ती! सणासुदीचं!"

"लक्ष्मी न्हाई, रोग हाय त्यात!" बोलून गेले. वहिनी भिंतीला टेकली. पांढरीफटक. दादा धावला. मग काय लपवायचं? मी सगळं सांगितलं. हरणीचं, आबांचं, मॅडम काय शोधतायत ते. आई कानावर हात ठेवून खाली बसली.

मला वाटलं होतं वहिनी कोसळेल. ती नुसती म्हणाली, "सगळ्यांना म्हाईत हुतं? मला सोडून?" दादा मान खाली घालून उभा. ती आत गेली. निघताना डब्याबरोबर आज दुधाची बाटली नव्हती. ती तरी कशी असेल.

मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. उठल्या, इन्क्युबेटरला कुलूप लावलं. "आता त्या बाटलीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ब्रुसेला असणार."

पुस्तकात एक पान होतं या जंतूचं. परीक्षेला येत नाही म्हणून सोडलेलं. गाय गाभडते ती याच्यामुळं. वारेतून, रक्तातून, कच्च्या दुधातून माणसात येतो. माणूस मरत नाही सहसा, पण ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. बाटलीत वाढायला वेळ लावतो. नुसत्या हवेतून लॅबवाल्यांनाही लागतो, म्हणून प्लेट हुंगायची नसते. आणि पोटुशी बाईला झाला तर —

मॅडमना विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "गर्भ पडू शकतो. औषध आहे, वेळेत कळलं तर. उद्या तिला घेऊन ये. आणि तिच्यासमोर असा चेहरा करून उभी राहू नकोस."

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी आली. दादाच्या मोटारसायकलवरून नाही, एसटीनं, माझ्या शेजारी बसून. काटेवाडी आलं तेव्हा खिडकीतून बघत राहिली. माहेरी कुणाला कळवू नका, एवढंच बोलली.

रक्त मी नाही काढलं. मॅडमनी काढलं. वहिनीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. "ताई, गेल्या साली नरसिंहपूरला गेले म्हणून झालं, असं मला वाटतंय अजून. आता ह्या खेपेला मी काय केलं?" म्हटलं, तुम्ही काहीच केलं नाही. आम्ही केलं. तुम्हाला जपलं.

आबांच्या बाटलीतले थेंब मी आणि दिग्विजयनं उघड्या बेंचवर ओढले होते. म्हणून आमचंही रक्त घेतलं, मॅडमचंही. आज एकदा, पुढं थोड्या थोड्या दिवसांनी परत. आमच्या अंगात आज काही नाही हे आधी दाखवायचं, मग पुढं काही निघालं तर ते इथलं, असा हिशोब. दिग्विजयची बडबड पहिल्यांदा बंद झाली. आबांचं रक्त सकाळी घरीच घेऊन आणलं होतं. सगळ्या नळ्या बर्फात घालून पुण्याला रवाना. वहिनीचा रिपोर्ट आठवड्यानं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आबा पॉझिटिव्ह. पुण्याच्या लॅबनं त्यांचं आधी तपासून फोनवरच कळवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आणि आज बाटली गढुळली!

मॅडमनी काचेआडच्या कॅबिनेटमध्ये, दोन दोन मोजे घालून, मला लांबून दाखवली. तळाशी पुसट धुकं. मंगळवारी दिग्विजयच्या ट्रॉलीतून गेली असती तर 'वाढ नाही' म्हणून गेली असती. मॅडम म्हणाल्या, "बाटली ठेवलीस ते बरोबर होतं. पण कारण आधी शोध, बाटली मग ठेव. पुढच्या वेळी मी नसेन विचारायला."

कौतुक होतं का ओरडा, कळलं नाही. पण 'पुढच्या वेळी' म्हणाल्या. म्हणजे बेंचवर बसवणार आहेत.

आबांना दोन प्रकारच्या गोळ्या, दीड महिना. एकीनं लघवी लाल होते हे सांगायचं राहिलं. दुपारी दादाचा फोन — आबा परसाकडून ओरडत आले, "रगात पडतंय! पोरीनं मारलं मला!" अख्खी आळी गोळा झाली. मी फोनवर समजावून थकले. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले. मग त्याच दमात रडले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाट बघणं. दुसरं काही नाही.

आई देव पाण्यात घालून बसलीय. जेवत नाही. आज माझ्यापाशी आली, ओसरीवर. "मीच पाजलं गं. ह्या हातानं. रोज. नको म्हंत हुती, तरी बळंच." रागही येतो तिचा, आणि तिच्याकडं बघवतही नाही. म्हटलं, आई, तू विष म्हणून दिलं नव्हतंस. ती म्हणाली, "वैरिणीनं दिल्यालं विष आन् आईनं दिल्यालं, पोटात गेल्यावर दोन्ही सारखंच की."

हरणीला दावणीतून काढून लांब बांधलंय. डेअरीचा डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेला. आबा तापातसुद्धा तिच्याकडं जायला बघतात. मी चहाच्या दुधालाही तीन उकळ्या काढते. दादा म्हणतो, आता पाण्यालाही फोडणी देशील.

वहिनीच्या पोटात काल हललं म्हणे. तिनं दादाला सांगितलं, दादानं मला. तिनं मला नाही सांगितलं. माझ्याशी बोलतच नाही दोन दिवस. समोर आले की आत जाते. त्या पेल्याचा राग असेल. असू दे.

उशी परत ओली सकाळी. फेब्रुवारीतच एवढा उकाडा!

२६ फेब्रुवारी, बुधवार

निगेटिव्ह!!

वहिनी निगेटिव्ह! मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. मी चार वेळा वाचला. नाव बघितलं, नंबर बघितला, परत नाव बघितलं. मॅडम म्हणाल्या, काही दिवसांनी परत एकदा करू, पण महिनाभर रोज पेलाभर पिऊन एवढं स्वच्छ म्हणजे — नशीबवान आहे. त्यांनाही नवल वाटलं.

एसटीत बसवेना. उभीच आले. महाशिवरात्र, गाडीत सगळे उपासाचे, आणि मी एकटीच दात काढतेय.

घरी एकच कालवा. आई वहिनीचे पाय धरायला वाकली, वहिनीनं वरच्यावर धरली. आबा गोधडीतून ओरडले, "पेढे आणा रं कुणीतरी!" दादा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. आईनं नरसिंहपूरला अभिषेक बोलला.

वहिनी मात्र हसली नाही. रिपोर्ट हातात घेऊन बसली. मग सगळे पांगल्यावर विचारलं, "ताई, तुमची बी तपासणी केली ना? तुमचं काय आलं?"

म्हटलं, आमचं उद्या येईल. आमचं काय, आम्ही दोन थेंब ओढले नुसते. तुम्ही झोपा निवांत.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तशीच उठून आत गेली. वेडी आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी दार लावून घेतलं. मला वाटलं, परत काहीतरी चुकलं.

"माझं निगेटिव्ह. दिग्विजयचं निगेटिव्ह. तुझं पॉझिटिव्ह आहे."

मी म्हटलं, त्या थेंबानं लागलं. तरी मी हुंगलं नव्हतं मॅडम, शपथ!

"थेंबानं नाही. इतक्या लवकर रक्तात दिसत नाही. आणि एवढं तर नाहीच. हे जुनं आहे, निदान महिन्याभराचं. हे लॅबचं नाही राजेश्वरी, हे घरचं आहे. कच्चं दूध पितेस?"

"नाही. कधीच नाही. मला वास सुद्धा आवडत नाही."

"ताप?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. मग कंबर आठवली. ओली उशी आठवली. आबांचं सगळं लक्षणांसकट पाठ होतं मला, आणि माझंच मी एसटीच्या सीटवर ढकलत होते!

पण आलं कुठून? गोठ्यात मी हात लावत नाही. डिसेंबरात मी इथं नव्हते. चहाचं दूध उकळलेलं. रागानं डोकं भणभणतंय. मॅडम म्हणाल्या, कारण शोध. आधी कारण.

गोळ्या लिहून दिल्यात. घरी अजून सांगितलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीनंच सांगितलं. गोठ्यामागं, हुंदके देत.

पहिल्या दिवसापासून तिला त्या पेल्यानं उमळून यायचं. आईला नाही म्हणवेना. लक्ष्मी म्हणून ओतवेना. आई वळली, की पेला माझ्या बाटलीत. चुलीवर ठेवलं असतं तर आईनं बघितलं असतं. वास येऊ नये म्हणून वेलदोडा. "मला वाटलं, चांगलं दूध हाय, तुमच्या अंगी लागंल. तुमाला मी—"

पुढं बोलूच दिलं नाही. घट्ट मिठी मारली. तिचं पोट मध्ये आलं, तशी जरा सैल केली.

काटेवाडीपर्यंत रोज मीच प्यायले. थेंबन्‌थेंब. बरं झालं!